अठरा शेर

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाची चिटणीस घरी आली. मुलगी गुणी आहे, पण जरा फारच उत्साही. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग म्हणाली, “एस्तेरमावशी, पुढच्या शनिवारी तुम्ही बोलायचं हं. विषय ठरलाय, ख्रिस्ती घरांत मुलांना खाण्यापिण्याच्या चांगल्या सवयी कशा लावाव्यात.” मी म्हटलं, “बाई गं, दुसरी कोणी पाहा. मी बोलायला उभी राहिले तर तुमची मंडळं मोडतील.” ती हसली. तिला वाटलं, मावशी गंमत करतेय. मी काही गंमत करत नव्हते. ‘सवय लावणे’ हे दोन शब्द ऐकले की अजून माझ्या अंगाची आग होते, आणि डोळ्यांपुढे आमची मार्थाआत्या उभी राहते, पांढऱ्या पातळाचा पदर पिनेनं घट्ट टाचलेली, हातात पितळी पेला. तिला जाऊन कैक वर्षं झाली. माझा राग मात्र ठणठणीत आहे.

आम्ही तेव्हा कल्याणला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा स्टेशनात पार्सल क्लार्क. दोन खोल्या, पुढे एवढासा व्हरांडा, आणि दिवसभर यार्डातल्या शंटिंगचा आवाज. डबे एकमेकांवर आदळत जायचे, धडाड् धडाड् धडाड्, आणि फळीवरची कपबशी किणकिणायची. आईचा स्वयंपाक त्या आवाजात चालायचा. खाडीवरची भागी कोळीण सकाळी पाटी घेऊन दारात यायची, आई तिच्याशी पाच मिनिटं भांडायची आणि दहा मिनिटं गप्पा मारायची, मग मांदेली नाहीतर ओले बोंबील घ्यायची. आमच्या घरात जेवायला बसण्याची शिस्त अशी नव्हतीच. आई प्रार्थना करायची, छोटीशी, कढी उतू जायच्या आत संपणारी. मग माझा धाकटा भाऊ शमुवेल, म्हणजे आमचा शमू, चार घास खाऊन व्हरांड्यात पळायचा, इंजिन बघायचा, परत यायचा, आणखी चार घास खायचा. आई त्याच्या वाटणीचा भात झाकून ठेवायची आणि म्हणायची, “त्याचं पोट त्याला कळतं.” शमू काही पैलवान नव्हता, पण टुणटुणीत होता. 

मग आईच्या छातीच्या फोटोत क्षयाचा डाग निघाला. तिला लांब, हवेच्या ठिकाणी, मिशनच्या दवाखान्यात ठेवली. मी दहा वर्षांची, शमू पाचाचा. बाबांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. म्हणून त्यांनी नगरकडे, आपल्या थोरल्या बहिणीला पत्र घातलं. मार्थाआत्या मिशनच्या इस्पितळात वीस-बावीस वर्षं नर्स होती, लग्न केलेलं नव्हतं. ती पत्र्याची ट्रंक घेऊन आली, दारातच उभी राहिली, आम्हा दोघांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या अंगठ्यानं ओढून आत बघितलं आणि बाबांना म्हणाली, “दावीद, रक्त नाही रे पोरांच्या अंगात. काय खायला घालत होतात यांना?” हे तिचं आमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तेही आमच्याशी नाहीच, आमच्या डोक्यावरून.

दुसऱ्या दिवसापासून घराचं इस्पितळ झालं. जेवण ठरल्या वेळी, घंटा नव्हती म्हणून ती पेल्यावर चमचा वाजवायची. तळलेलं बंद, लोणचं बंद, भागी कोळीण बंद, कारण तिच्या पाटीवर माश्या बसतात. पालेभाजी रोज, मीठ बेताचं, हातसडीचा तांदूळ, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. ती मोजायची हो, खरंच मोजायची, ओठ हलवत! ताटात शीत उरलं तर ते ताट तसंच झाकून ठेवायचं आणि पुढच्या जेवणाला आधी तेच पुढ्यात यायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, “आत्या, ते उष्टं आहे.” शेजारपाजारच्या मुलींकडून शिकलेला शब्द. ती म्हणाली, “या घरात उष्टं नसतं. देवानं दिलेलं असतं.” आणि माझ्या पुढ्यात कालची काळवंडलेली माठाची भाजी सरकवली.

आणि या सगळ्याच्या आधी वचन. प्रत्येक मुलानं शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन पाठ म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. शमूला एकच येत होतं, सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात छोटं, दोन शब्दांचं. आमच्या मंडळीत कुठल्याही पोराला विचारा, ते वचन त्याला येतंच. प्रभूला रडू आलं, एवढंच त्यात सांगितलंय. शमू ते रोज दोन्ही वेळा म्हणायचा, हात जोडून, अगदी मनापासून. आत्यानं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग ते वचन बंद केलं. “आळशी मुलांचं वचन आहे ते,” म्हणाली. प्रभूच्या रडण्यावर बंदी घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. नवं वचन पाठ होईस्तोवर शमूचा भात गार व्हायचा, आणि गार भात त्याला गिळवायचा नाही. मग ताट उरायचं, झाकलं जायचं, परत यायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. पण मिशनकडून दुधाच्या पावडरीची पिंपं आली. परदेशातून बोटीनं यायची ती. गावोगावच्या मंडळ्यांना वाटायची, आमच्या वाट्यालाही एक मोठा डबा आला. आत्याला तर आकाश ठेंगणं झालं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. कोमट पाण्यात कालवलेलं, गुठळ्या तरंगणारं, पिंपाच्या पत्र्याचा वास येणारं ते दूध. मला ते आवडायचं नाही, पण पचायचं. शमूला पचायचंच नाही. पेला रिकामा झाला की पाव तासात त्याच्या पोटात गुडगुडायला लागायचं, बाहेरच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग पोट धरून वाकायचा. मग क्वार्टरांच्या रांगेच्या टोकाला संडास होते तिकडे धावायचा, पुष्कळदा पोचायच्या आधीच व्हायचं. मी त्याला नळावर धुवायची आणि कडेवर घेऊन यायची, कारण पायांत त्राणच उरायचं नाही त्याच्या. आत्या व्हरांड्यात उभी राहून बघायची. ती मुलांना उचलून घ्यायची नाही. अंगाखांद्यावर घेतलं की मुलं लाडावतात, असं तिचं ठाम मत होतं. “सोंगं करतो,” ती म्हणायची. “पोटाला चांगल्याची सवय नाही. सवय लागेल.”

एका सकाळी भागी कोळीण, बंदी असूनही, दारावरून चालली होती. शमू पायरीवर बसला होता. ती पाटी न उतरवताच थबकली आणि आत्याला म्हणाली, “बाय, पोर पार सुकलाय गो तुमचा. याला भाताची पेज घाल नं.” आत्या कडाडली, “तुला कोणी विचारलं? वीस वर्षं इस्पितळात काढलीत मी!” भागीनं डोक्यावरची पाटी सावरली आणि पुढे गेली. एक निरक्षर कोळीण एका नजरेत बघू शकली ते या शिकलेल्या बाईला दिसत नव्हतं. का? तर तिचा विश्वास डोळ्यांवर नव्हताच, काट्यावर होता.

काट्याचं सांगायचं राहिलंच. दर रविवारी भक्ती सुटली की आत्या आम्हाला देवळातून थेट स्टेशनात, बाबांच्या पार्सल ऑफिसात न्यायची. तिथं जमिनीत बसवलेला मोठा काटा होता. आंब्याच्या करंड्या, कपड्यांच्या गाठी, माशांच्या टोपल्या जिथं तोलायच्या तिथं आम्ही चढायचो. बाबा दांड्यावरचं वजन बोटानं सरकवायचे, दांडा डुलायचा, थांबायचा, आणि बाबा खाली मान घालून आकडा सांगायचे. आत्या तिथंच उभ्या उभ्या आईला कार्ड लिहायची. शमुवेल साडेपंधरा शेर. देवाची स्तुती असो. पुढच्या महिन्यात शमुवेल पंधरा शेर. त्या दिवशी स्तुती नव्हती. मी काट्यावरून उतरलेल्या शमूचा हात धरून विचारलं, “आत्या, त्याचं दूध कधी बंद करशील?” ती कार्डावर पत्ता घालता घालता म्हणाली, “अठरा शेर भरला की. शब्द देते.”

तिनं शब्द दिला आणि मी तो धरून बसले. दहा वर्षांच्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही. मला वाटलं, शमू अठरा शेर व्हायला हवा, बस्स. कसा का होईना!

शमूचा रविवारचा कोट मिशनच्या कपड्यांच्या गाठोड्यातून आलेला होता. जाड, तपकिरी, कुठल्यातरी परदेशी पोराचा, शमूला गुडघ्यापर्यंत यायचा, आणि आतून अस्तर होतं. कल्याणच्या उकाड्यातसुद्धा आत्या त्याला तो घालून देवळात न्यायची, आणि कोटासकटच त्याचं वजन व्हायचं. रुळांच्या कडेला जुने लोखंडी नट पडलेले असायचे, एकेक चांगला पावशेर भरेल असा. शाळेत मला हातशिलाई शिकवली होती. शनिवारी दुपारी आत्या प्रार्थना-सभेला गेली की मी अस्तराची एक शिवण उसवायची, नट चिंधीत गुंडाळून आत सरकवायचा, परत शिवायची. पहिल्या शनिवारी एकच. शमूला सांगितलं, “कोणाला बोलायचं नाही हं. तू अठरा शेर झालास की दूध बंद.” त्यानं मान हलवली. पोटात दात असलेला मुलगा नव्हता तो, पण गुपित ठेवायचं कळत होतं त्याला.

रविवारी काटा सव्वापंधरा म्हणाला. आत्यानं डोळे मिटून तिथंच आभार मानले. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. पण संध्याकाळी बघते तर पेल्याऐवजी लोटी! “लागू पडतंय,” ती बाबांना सांगत होती. “मी म्हटलं नव्हतं, सवय लागेल? आता संध्याकाळी लोटीभर देते.” मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी काय केलं? दुसऱ्या शनिवारी दोन नट घातले. म्हटलं लवकर अठरा होऊ दे. मग पुन्हा एक, मग पुन्हा दोन. काटा चढत होता, दूध वाढत होतं, आणि कोटाच्या आतला पोरगा आटत होता. त्यामुळे मी जेवढं घालायची तेवढं काट्यावर दिसायचं नाही. रविवारी देवळात तो भिंतीला टेकून उभा राहायचा. गाणं सुरू असताना मी मागून कोटाची कॉलर धरून ठेवायची, त्याच्या खांद्यांवरचा भार जरा हलका व्हावा म्हणून.

एकदा शिवण सुटली. शमू काट्यावर चढला आणि चिंधीतून निसटलेला नट पत्र्यावर पडला. ठण्! आत्या कार्ड पेटीत टाकायला बाहेर गेली होती. बाबांनी नट उचलला. हातात फिरवला. ज्या माणसाचा जन्म वजनं करण्यात गेला, कोणत्या टोपलीत माशांखाली किती बर्फ आहे ते जो नुसत्या आवाजावरून सांगायचा, त्याला हे कळलं नसेल? त्यांनी माझ्याकडे बघितलं, शमूकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि तो नट माझ्या हातात परत दिला. थोरल्या बहिणीपुढे त्यांची वाचा बसायची, हे मला ठाऊक होतं. पण बाप होता ना तो? आत्यावर माझा राग आहे तो आहेच, पण बाबांचं ते गप्प बसणं आठवलं की मला त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवताना हात आखडता घ्यावासा वाटतो.

शेवटच्या कार्डावर आत्यानं लिहिलं होतं, शमुवेल पावणेसतरा शेर, ओळखू येणार नाही तुला. त्यानंतर पाचच दिवसांनी आईला घरी सोडलं. बाबा आणायला गेले होते. आम्ही व्हरांड्यात उभे. आई रिक्षा-टांगा काही न करता स्टेशनातून चालतच आली, बारीक झालेली, पण गालांवर रंग होता. शमू धावला नाही, चालत गेला. आईनं पिशवी खाली ठेवली. पाय जरा फाकवून, कंबर सावरून, ती त्याला उचलायला वाकली. भरलेला हंडा उचलायच्या आधी बायका श्वास घेतात तसा तिनं श्वास घेतला. दवाखान्याच्या खाटेवर तिनं ती कार्डं किती वेळा वाचली असतील! पावणेसतरा शेरांची तयारी करून तिनं त्याला उचललं, आणि तो भसकन् तिच्या डोक्याच्या वर गेला. तिचा तोल गेला. हंडा रिकामाच होता.

ती तशीच उभी राहिली, त्याला वर धरून. तिचा चेहरा बघून शमू घाबरला. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणाला, “आई, थांब हं. मी कोट घालून येतो. कोट घातला की मी भारी होतो.”

आणि गेला आत. कोणी त्याला अडवलं नाही. खुंटीवरचा कोट ओढून, घालून, बटणंसुद्धा लावून तो बाहेर आला आणि आईपुढे हात वर करून उभा राहिला. आईनं त्याला पुन्हा उचललं. आत लोखंड दबकं वाजलं. आईनं त्याला खाली ठेवलं, कोट काढला, अस्तर चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. शिवण कोणाची ते तिला सांगावं लागलं नाही. टाके घालायला घरी तिनंच आधी शिकवलं होतं.

“एस्तेर?” एवढंच म्हणाली.

मी सगळं सांगून टाकलं. दूध, गुडगुडणं, अठरा शेर, नट. रडत, ओरडत, आत्याकडे बोट दाखवत. बाबा पायरीवर बसून चपलेचा अंगठा बघत होते. आत्या दारात उभी होती, पेला हातातच. मला वाटलं आता मारेल. मारलं नाही. ती पुढे आली, कोट हातात घेतला, ओट्यावर पसरला, आणि कात्रीनं अस्तर उसवून एकेक नट काढून ओळीनं मांडला. नऊ. मग आईकडे बघून म्हणाली, “पावणेसतरातून सव्वादोन गेले, म्हणजे साडेचौदा. साडेपंधराचा साडेचौदा केला मी.” तिचा आवाज तसाच होता, कोरडा. मग माझ्याकडे वळली.

“एस्तेर, इस्पितळात आम्ही एखादं औषध दोन महिने देऊन बघायचो. मूल उतरत गेलं की बंद करायचो. काटा उतरता दिसला असता तर मी दूध गटारात ओतलं असतं. तू मला ते दिसूच दिलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली. आईनं शमूला पेज घातली, मऊ भात घातला, भागीला हाक मारून बोलावलं. पहिल्या जेवणाला शमूनं हात जोडले आणि चाचरत, आत्याच्या रिकाम्या जागेकडे बघत, आपलं ते दोन शब्दांचं वचन म्हटलं. आई म्हणाली, “आमेन. जेव.” महिन्या-दीड महिन्यात तो पुन्हा इंजिनामागे पळायला लागला. आज तो माझ्याइतकाच म्हातारा आहे, काळा चहा पितो, आणि मला म्हणतो, “जाऊ दे गं ताई, आत्या वाईट नव्हती.” त्याचं चालतं. पोट त्याचं होतं, त्याला माफ करायचा हक्क आहे.

मी माफ केलेलं नाही. आत्या वारेपर्यंत मी तिला भेटायला गेले नाही, आणि ती म्हणाली त्याला द्यायचं उत्तर वर्षानुवर्षं तोंडात घोळवत राहिले. उत्तर साधं होतं. आत्या, तुला काटा कशाला हवा होता? दहा महिन्यांत एकदा, फक्त एकदा, त्याला उचलून कडेवर घ्यायचं होतंस. तुला तेव्हाच कळलं असतं.

तिला हे लिहून पाठवायला मी कितीदा कार्ड घेतलं, आणि दर वेळी त्याच वाक्यापाशी थांबले. तिनं त्याला कधी उचललं नव्हतं, म्हणून तिला कळलं नाही. मी तर त्याला रोज नळावरून कडेवर आणत होते.